साठलेलं पाणी, सुई आणि एक घातक मेसेज

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बायकांना हमखास येणारा एक मेसेज आहे. जखमेतला द्रव बाहेर काढायला बसवलेली नळी काढल्यावर छातीवर किंवा काखेत पाणी साठलं तर आत कॅन्सर राहिला असं समजा. पाणी काढायला सुई लावली की तो पसरतो. म्हणून पाणी कमी प्या, गरम शेक द्या, हात हलवू नका. हा मेसेज वाचून बायका सूज लपवतात, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

‘पाणी म्हणजे राहिलेला कॅन्सर.’ मुळीच नाही. स्तन आणि काखेतल्या लसग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या की कातडीखाली पोकळी उरते. तिथल्या बारीक लसवाहिन्या, म्हणजे लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, कापल्या गेलेल्या असतात, त्यांतून आणि जखमेतून द्रव पाझरतो. यालाच सेरोमा म्हणतात. नळीच्या बाटलीत आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत गेलेला द्रव तुम्ही रोज मोजलाय ना, तोच हा. 24 तासांत साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी यायला लागला की बहुतेक ठिकाणी नळी काढतात, पण पाझर काही त्याच दिवशी थांबत नाही. मग कूस बदलताना आत डुचमळतं, काखेत चेंडू धरल्यासारखा हात अंगापासून लांब राहतो. भीती वाटणारच. पण हा ऑपरेशननंतर अगदी नेहमी दिसणारा त्रास आहे.

‘सुईने कॅन्सर पसरतो.’ सुई जाते ती साठलेल्या द्रवात, आणि त्याने कॅन्सर पसरत नाही. थोडंसं पाणी असेल, दुखत नसेल, तर डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, कारण ते काही आठवड्यांत अंगातच जिरतं आणि प्रत्येक टोचण्यात जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतोच. मात्र कातडी ताणली, टाक्यांवर ओढ आली, झोप लागेना, तर पाणी काढून घ्यावं. काखेतली संवेदना देणारी नस बऱ्याचदा कापली गेलेली असते, त्यामुळे भाग बधिर असतो आणि सुई फारशी कळतही नाही. पाणी पुन्हा भरू शकतं, पुन्हा काढावं लागू शकतं. त्यात ऑपरेशन बिघडलं असं काही नाही. घरी मात्र कुणीही टोचायचं नाही.

पाणी कमी पिण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पुढे केमो असेल तर उलट त्रासच वाढेल.

शेकाचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. बधिर कातडीला चटका कळत नाही. फोड आल्यावरच लक्षात येतं. जोरात तेल चोळणंही नको.

‘हात हलवू नका’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते पटकन पटतं. पहिल्या आठवड्यात जड उचलणं आणि हात खांद्याच्या वर ताणणं टाळतात, कारण त्याने पाझर वाढू शकतो. पण मूठ उघडझाप करणं, कोपर वाकवणं, केस विंचरणं सुरूच ठेवायचं. पुढचे व्यायाम सांगतील तसे वाढवायचे. हात अंगाशी धरून बसलात तर खांदा आखडतो. आणि रेडिएशन लागलं, तर बहुतेक वेळा हात डोक्यावर घेऊन स्थिर झोपावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर तेच जमत नाही.

अवघडलेपणाला साधे उपाय आहेत: काखेखाली छोटी मऊ उशी, पुढून उघडणारे सैल कपडे, दुखणं वाढण्याची वाट न बघता ठरल्या वेळी गोळी. मधूनच विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, ते दुखावलेल्या नसांमुळे.

ताप, लाली, गरम लागणं, पू, अचानक वाढलेली सूज, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. आणि स्तनाच्या जागी इम्प्लांट (कृत्रिम स्तन) बसवलेलं असेल आणि वर्षभरानंतर किंवा त्याहूनही उशिरा एकाएकी सूज आली, तर ते पाणी काढून तपासायलाच हवं. क्वचित त्यामागे इम्प्लांटभोवती होणारा लिम्फोमा, म्हणजे एक वेगळा, लसपेशींचा कॅन्सर, असू शकतो, आणि तो ओळखण्याची सुरुवात मेसेजने बदनाम केलेल्या त्याच सुईने होते.