उचलायला आम्ही आहोत ना!

गोव्यात, पेडण्यातल्या आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच विषय पेटलाय: देवळाच्या सभामंडपाला रॅम्प घालायचा की नाही. जत्रेतलं नाटक याच मंडपात होतं. समोरून अकरा पायऱ्या. रॅम्पची गरज असलेली माणसं वाड्यावर चारच: अर्धांगवायू झालेल्या दोन म्हाताऱ्या, लहानपणी पोलिओ झालेले एक मास्तर आणि वर्षाआड इंग्लंडमधल्या स्विंडनहून सुट्टीवर येणारा मी. नको म्हणणाऱ्यांत वाईट माणूस एकही नाही. कुणाला दगडी पायऱ्यांचं रूप बिघडेल असं वाटतं, कुणाला खर्चाची काळजी. बाकी सगळ्यांचं म्हणणं माझ्या बालमित्राने एका ओळीत टाकलं: "रॅम्प कित्याक रे? आम्ही आहोत मरे उचलायला!"

आहेत, हे खरंच. 2018 च्या जुलैत, सुट्टीवर असतानाच, पावसात माझी स्कूटर घसरली आणि कमरेचा मणका गेला. त्यानंतर ज्या ज्या जत्रेला आलो, तिला चौघांनी मला खुर्चीसकट मंडपात चढवलंय. नवरात्रात मखर झुलवतात तसा मी झुलत झुलत वर जातो. फरक एवढाच, की मखरातल्या देवाला मध्येच लघवीला जायचं नसतं.

आणि मंडपात एकदा चढलं की चढलं. नाटक रंगलं तर उत्तम. नाही रंगलं, तर रात्री दोन वाजता मी पहिल्या रांगेत अडकलेला, एक खांदेकरी ऑम्लेटच्या गाड्यावर, दुसरा जुगाराच्या फडावर, तिसरा आत मिशी चिकटवत बसलेला. बाकीचे लोक उठून घरी जातात. मी तिसरा अंक बघतो. कंटाळवाण्या नाटकातून उठून जाता येणं हा किती मोठा हक्क आहे, ते मला असा तिसरा अंक बघताना कळलं. या हक्काविषयी ग्रुपवर अजून कुणी बोललेलं नाही. चर्चा सगळी मला आत कसं न्यायचं याचीच.

इंग्लंडला परतलो तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजचं जगणं पुन्हा जमवून देणाऱ्या) बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, अपघाताआधी मौजेखातर काय करायचास? मला राग आला. इथे मूत्रनळी सांभाळता सांभाळता जीव जातोय आणि ही बया छंद विचारतेय! घरी फोन केला की आधी नोकरीचं काय, मग पेन्शनचं काय, एवढंच विचारत. संध्याकाळचं काय करतोस, हे आईनेसुद्धा विचारलं नव्हतं. मी तुटकपणे सांगितलं: जत्रेत नाटक, आणि बांधावर बसून गरी टाकणे.

नाटकाचं त्यांना काही करता येईना. व्हीलचेअर बास्केटबॉल दोन आठवडे खेळलो, खांदा धरला. हजार तुकड्यांचं एक कोडं आणलं, त्यातलं आभाळ अजून जुळायचंय. मग गरी. इथे गोड्या पाण्यात गळ टाकायलाही सरकारी परवाना लागतो. अपंगांना तो सवलतीत मिळतो. शहराबाहेरच्या तळ्यावर लाकडी फळ्यांचा धक्का आहे, त्याला कडेने उंच पट्टी, म्हणजे चाक पाण्यात घरंगळत नाही. मी स्वतः गाडी चालवत जातो, कंटाळा आला की निघतो. आमच्या बांधावर आमिषाला सुंगटं (कोळंबी), इथे अळ्या नाहीतर मक्याचे दाणे. आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा! पहिला कार्प सोडला त्या दिवशी मी आईला फोनच केला नाही. काय सांगणार?

पण इथलं सगळं गोड समजू नका. शेजारचा गळवाला "मॉर्निंग" म्हणतो, तेवढ्यावर दिवसाचं बोलणं संपतं. चार वर्षांत त्याचं नाव मला ठाऊक नाही. घरचा एक शब्द ऐकायला मी ग्रुपवरची भांडणं मोठ्याने वाचतो. शिवाय इथलं राजकारण. अपंगांच्या भत्त्यासाठी गुण मोजतात. 20 मीटर चालता येतं का, स्वयंपाक करता येतो का. 2025 मध्ये सरकार हे निकष आणखी कडक करायला निघालं होतं, स्वपक्षाचेच खासदार उलटले तेव्हा माघार घेतली. त्या महिन्यांत तळ्यावरचा फोटो टाकताना माझा अंगठा अडखळायचा. मासे धरतो म्हणजे याला झालंय काय, असं म्हणणारे इथेही कमी नाहीत. मी गोदामाच्या ऑफिसात अर्धवेळ हिशोब बघतो, हे फोटोत कुठे दिसतं?

आपल्याकडे दुसरंच दुखणं. अपंग माणूस एकतर बिचारा, नाहीतर मुरलीकांत पेटकर. पेटकरांना माझा साष्टांग नमस्कार: 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग गेलं, म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण आणलं. पण मला पदक नको. मला साधा, वाईट गळवाला व्हायचंय. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात खेळांचं कलम 30 वं. त्याच्या आधीचं 29 वं संस्कृती आणि करमणुकीचं. निव्वळ करमणूक हासुद्धा हक्कच आहे, असं कायदा म्हणतो. पणजीत जानेवारी 2023 मध्ये पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, यापेक्षा तेवढे पैसे त्यांना वाटा. मला ते तेव्हाही पटलं नाही. आम्ही पोटाबरोबर मनही घेऊनच जन्माला आलोय. फक्त वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांवर सगळ्यांनी समाधान मानू नये, एवढंच.

खर्चवाल्यांचा मुद्दा मात्र मी कागदावर मांडून बघितला, आणि तो पोकळ नाही. एक इंच उंचीला निदान एक फूट लांब उतार लागतो. अकरा पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या, म्हणजे 66 फूट, मधला सपाट टप्पा वेगळा. रॅम्प थेट दीपस्तंभाला जाऊन भिडेल. पण मागच्या अंगाला जमीन चढती आहे. नटांच्या पेट्या जिथून आत नेतात, त्या दाराला पायऱ्या चारच. 24 फुटांत काम होतं, आणि समोरच्या दगडाला हातही लागत नाही. फणी मारलेल्या सिमेंटचा साधा उतार, एका बाजूला लोखंडी पाइप.

हे परवा ग्रुपवर टाकलं. कमिटीच्या भाऊंनी अंगठा दाखवला, म्हणजे होकार की फक्त वाचलं, देव जाणे. बालमित्राचं उत्तर रात्री उशिरा आलं: "त्या दारातून आलास तर सरळ रंगमंचावरच येशील मरे. मग या खेपेला धृतराष्ट्र तूच कर, नाहीतरी बसूनच असतो."

अपघाताआधी मी दुर्योधन करायचो. धृतराष्ट्राचे संवाद लांबलचक आहेत आणि त्या भूमिकेत काही दम नाही, असं मी त्याला कळवलंय. तरी वहीची पानं फोटो काढून पाठव म्हटलं.