एएमबद्दलच्या त्या फॉरवर्डमध्ये नेमकं काय चुकलंय

डिप्लोमाच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. चार दावे आहेत त्यात. (एएम म्हणजे अँप्लिट्यूड मॉड्युलेशन: रेडिओ लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त करणं. कॅरियर म्हणजे मूळची वाहक लहर.) एएम लांब जातं, कारण ते एएम आहे. आवाज कॅरियरमध्ये असतो, त्यामुळे कॅरियर तगडा तर आवाज मोठा. मॉड्युलेशन, म्हणजे उंचीतला हा बदल, 100 टक्क्यांपुढे नेलं की आवाज खणखणीत येतो. आणि एएम आता संपलं, त्यात खरखरीशिवाय काही उरलं नाही. सोलापुरात मी पॉलिटेक्निकच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. ओरलला हीच उत्तरं ऐकू यायला लागली, म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा. रात्री गच्चीवर रेडिओ घेऊन मीडियम वेव्हचा काटा फिरवा. दिवसा न लागणारी कुठली कुठली स्टेशनं गर्दी करतात. संध्याकाळी मॉड्युलेशन बदलतं का? नाही. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा, लहरी शोषून घेणारा ‘डी’ थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परत जमिनीकडे वळतात. ही करामत 531 ते 1602 किलोहर्ट्झच्या पट्ट्याची. उलट, होटगी रोडच्या विमानतळावर उतरणारा पायलट जमिनीशी बोलतो तेही एएमवरच, पण 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये. तिथे एएम असूनही लहर साधारण नजरेच्या टप्प्यापुरतीच पोचते, एफएम स्टेशनासारखी. चौथ्या दाव्यातल्या ‘संपलं’चं उत्तरही इथेच मिळालं.

दुसरा दावा सगळ्यात जास्त पसरलाय, आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृतीमुळेच पसरलाय. आकृतीत कॅरियर वरखाली फुगताना दिसतो, म्हणून पोरांना वाटतं की आवाज त्याच्या पोटात आहे. 1000 किलोहर्ट्झच्या कॅरियरवर 1 किलोहर्ट्झची शिट्टी चढवा. हवेत तीन लहरी जातात: 999, 1000 आणि 1001. मधली शिट्टीच्या आधी जेवढी होती तेवढीच राहते, तिला शिट्टीचा पत्ताच नसतो. आवाज आहे तो बाजूच्या दोन साइडबँडमध्ये. पूर्ण 100 टक्के मॉड्युलेशनलासुद्धा एकूण पॉवरचा दोन तृतीयांश वाटा हा गप्प कॅरियर खातो आणि साइडबँडना मिळून एक तृतीयांश उरतो.

मग एवढी वीज जाळायची कशाला? घरातला रेडिओ स्वस्त व्हावा म्हणून. कॅरियर सोबत असला की रिसीव्हरमध्ये आवाज वेगळा काढायला एक डायोड, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. कॅरियर गाळून पाठवला तर तोच रिसीव्हरला पुन्हा तयार करावा लागतो, अगदी नेमक्या फ्रिक्वेन्सीवर. मात्र त्या कपॅसिटरची किंमत अंदाजपंचे टाकून चालत नाही. 10 किलोओहमला 0.001 मायक्रोफॅरड लावला तर टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर उतरण्याच्या वेळेचं माप) 10 मायक्रोसेकंद येतो, रिसीव्हरमधल्या 455 किलोहर्ट्झच्या आयएफला (मधल्या फ्रिक्वेन्सीला) ठीक. एका पोराने ‘आवाज स्वच्छ येईल’ म्हणून 0.1 चा लावला. झाला 1 मिलिसेकंद. 5 किलोहर्ट्झच्या सुराचं आवर्तन 200 मायक्रोसेकंदांत संपतं, तोवर हा कपॅसिटर उतरतोय कुठे? सीआरओवर, म्हणजे लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, लाटेचे उतार तिरके कापलेले दिसले आणि आवाज घोगरा झाला.

तिसऱ्या दाव्यासाठीही सीआरओच बघा. त्यावर मॉड्युलेशन दाखवणारा ट्रॅपेझॉइड (समलंब चौकोनी) पॅटर्न 100 टक्क्यांना त्रिकोण होतो. त्यापुढे गेलात की त्रिकोणाच्या टोकाला शेपटी फुटते. म्हणजे एन्व्हलप (लहरीची टोकं जोडणारी बाहेरची रेषा) शून्याला टेकला आणि कॅरियर मध्येच तुटला. आवाज खणखणीत होत नाही, फाटतो. वर 9 किलोहर्ट्झ पलीकडच्या शेजारच्या स्टेशनात घुसतो तो वेगळाच.

खरखरीचा मुद्दा मात्र मान्य. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या स्टार्टरचा खटका पडला की रेडिओत कर्रर्र होतं. ठिणगीचा गोंगाट लहरीच्या उंचीत मिसळतो आणि एएमचा आवाजही उंचीतच असल्यामुळे डायोडला दोन्ही सारखेच. एफएमचा रिसीव्हर उंची छाटून टाकतो, म्हणून तिथे शांतता.

मेसेज टाकणाऱ्या पोराला मी सीआरओवर एन्व्हलप मोजायला बसवलं. सर्वांत मोठा 6 व्होल्ट, सर्वांत लहान 2. वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे मॉड्युलेशन 0.5. ‘आता साइडबँडचा वाटा काढ,’ म्हटलं. बराच वेळ कॅल्क्युलेटर बडवून उत्तर आलं, एक नवमांश. ‘सर, बाकीचं सगळं कॅरियरलाच?’ म्हणाला. मेसेज काही त्याने अजून डिलीट केलेला नाही.