कवचाचा रंग नको, कोंबडीचं खाद्य विचारा

मिरजेला आमच्या वहिनी नुकत्याच बाळंत होऊन घरी आल्यात. "गावठीच अंडी द्या, पांढऱ्यात सत्त्व नसतं," असं आत्यानं ठणकावून सांगितलंय. गावठी म्हणून बाजारात येणारं तपकिरी अंडं पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा कितीतरी महाग, म्हणून रोजच्या दोनाऐवजी वहिनींना दिवसाआड एक मिळतं. इकडे लेस्टरमध्ये बसून घरच्या ग्रुपवरचा हा वाद वाचताना मला हेच खुपतं. रंगापायी बाळंतिणीच्या ताटातलं अंडं कमी झालं.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरं अंडं घालते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात आणि तपकिरी रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतो. तपकिरी अंडं फोडून कवच आतून बघा, पांढरंच दिसेल. 50 ग्रॅमच्या अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, कवच कुठलंही असो. बलकाचा केशरी रंगही मका किंवा झेंडूचा अर्क खाद्यात घालून आणता येतो.

ब्रिटनमधले लोक याबाबतीत फार शहाणे आहेत असं नाही. तपकिरी म्हणजे नैसर्गिक, या समजुतीनं इथल्या दुकानांतून पांढरी अंडी जवळजवळ गायब झाली होती. आता कुठं ती पुन्हा दिसू लागलीत. पण इथं अंड्यावर शिक्का असतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मोकळ्यावर फिरणारी कोंबडी, 2 शेडमध्ये मोकळी, 3 पिंजऱ्यातली. जादा पैसे कशाचे देतोय, ते गिऱ्हाइकाला कळतं. सांगली-मिरजेच्या बाजारात मला हा शिक्का हवाय.

आत्याचं सगळंच चूक नाही. परड्यात पाला-किडे खाणाऱ्या, उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ओमेगा-3 आणि ड जीवनसत्त्व जास्त असू शकतं. पण ते खाद्याचं नि उन्हाचं देणं. तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात पाळतात, आणि खऱ्या गावठी कोंबडीचं अंडं पुष्कळदा फिकट बदामी असतं. नावाला भुलून काय होतं, ते 2019 मध्ये काळ्या कडकनाथ कोंबड्या पाळण्याच्या योजनेत शेतकऱ्यांची फसवणूक झाली तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यानं सोसलंय.

वहिनींना मी सांगितलंय, पोल्ट्रीची ताजी, न तडकलेली अंडी आणा, नीट उकडा आणि रोज दोन खा. आत्याला गावठीच द्यायची असतील तर तिनं कोंबड्या हिंडताना बघून ओळखीच्या परड्यातून आणावीत.