लघवीतल्या पट्टीवर ताण मोजता येतो?

एक संदेश सध्या फिरतो आहे: "सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवा, कॉर्टिसोल कळेल. आकडा जास्त आला म्हणजे तुम्ही तणावात आहात. लॅबची गरज नाही." कॉर्टिसोल हे ताणाशी जोडलं जाणारं संप्रेरक (हार्मोन) लघवीत उतरतं, एवढंच यात खरं आहे.

आधी 'पहिली लघवी'. रक्तातलं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी असतं, पहाटे चढू लागतं आणि सकाळी सर्वाधिक होतं. म्हणजे सकाळच्या त्या नमुन्यात मुख्यतः रात्रीचा हिशेब असतो, दिवसभराचा नाही. शिवाय पाणी जास्त प्यायलं की तेच कॉर्टिसोल पातळ दिसतं. म्हणून लॅब २४ तासांची लघवी मागते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून वेळ लिहायची, तिथून पुढची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. एखादी वेळ चुकली असावी का, हे लघवीचं एकूण प्रमाण आणि क्रिएटिनिन (शरीर रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं असं द्रव्य) पाहून ताडलं जातं.

पट्टीचा मुद्दा याहून गंभीर आहे. शरीरात तयार झालेल्या कॉर्टिसोलपैकी जेमतेम एक टक्का न बदलता लघवीत येतं. त्याच्या आजूबाजूला कॉर्टिसोन आणि इतर जवळजवळ तशाच बांधणीचे रेणू असतात. प्रतिपिंडांवर (ठरावीक रेणूला पकडणाऱ्या प्रथिनांवर) चालणाऱ्या चाचण्या, म्हणजे इम्युनोअ‍ॅसे, त्यांनाही कॉर्टिसोल समजू शकतात. त्यामुळे एकाच नमुन्याचा आकडा इम्युनोअ‍ॅसेवर सहसा जास्त येतो, रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीवर कमी. दोन्हींच्या सामान्य मर्यादाही वेगळ्या असतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीत नमुन्यात आधी जड हायड्रोजन जोडलेलं कॉर्टिसोल ठरावीक मात्रेत घालतात. मग द्रव कॉलममधून जातो, रेणू वेगळे होतात, कॉर्टिसोलचा ३६३ वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित रेणू) फोडून त्याचा १२१ चा तुकडा मोजला जातो. वाटेत काही हरवलं तर आधी घातलेलं कॉर्टिसोलही त्याच प्रमाणात हरवतं, म्हणून हिशेब जुळतो. रंग बदलणाऱ्या कागदाला ही सोय नाही.

अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन ही ताणाशी जोडलेली दुसरी संप्रेरकं तर आणखी नाजूक. लघवी आम्ल ठेवली नाही तर ती विघटित होतात.

राहिला 'आकडा जास्त म्हणजे तणाव'. लघवीतल्या कॉर्टिसोलची तपासणी प्रामुख्याने कुशिंग सिंड्रोमच्या (शरीरात दीर्घकाळ कॉर्टिसोल जास्त राहण्याच्या आजाराच्या) संशयासाठी आहे, मनाचा ताण मोजायला नाही. गरोदरपण, नैराश्य, अति मद्यपान, दिवसाला पाचेक लिटर पाणी, यांनीही आकडा वाढतो. मूत्रपिंड मंदावलं तर खोटा कमी येतो. संप्रेरकतज्ज्ञांची संघटना असलेल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांतही किमान दोनदा मोजायला सांगितलं आहे. उलट, प्रचंड ताण सोसणाऱ्या कित्येकांचा आकडा अगदी सामान्य येतो. त्यांना "तुम्हाला काही झालेलं नाही" असं पट्टीने सांगावं, हे मला सर्वात जास्त खटकतं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांनी विशेष जपावं. अनेक इम्युनोअ‍ॅसे या औषधालाच कॉर्टिसोल समजून फुगलेला आकडा दाखवतात. तो पाहून घाबरून स्टेरॉइड अचानक थांबवलं, तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तयार करणं मंदावलेलं असल्यामुळे रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच.