सड्यावर झाडे लावणे थांबवा

आज सकाळी एका खाण कंपनीच्या ‘हरितीकरणा’चे छायाचित्र पाहिले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज काढून झालेल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, बाहेरची काळी माती पसरून ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्पाची रोपे रांगेने लावली आहेत, आणि त्याखाली अभिनंदनाचा पाऊस पडला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन श्रावणात वनस्पतिशास्त्राचे आमचे सर मला याच सड्यावर घेऊन गेले होते. जांभ्या खडकाच्या एका खळग्यात बोटाच्या पेराएवढी माती, तिच्यावर साचलेले पाणी आणि त्यात उभा वायतुरा! इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, त्यावरूनच हे नाव पडले. मी पाऊल उचलले तोच सर ओरडले, “पाय कुठे ठेवतेस ते आधी बघ!” मग गुडघे टेकून त्यांनी शेजारच्या ‘सीतेची आसवे’ नावाच्या फुलझाडाच्या बुडाजवळची ओली माती अलगद बाजूला केली आणि तंतूंना लागलेल्या, मोहरीहून लहान पिशव्या भिंगातून दाखवल्या. मातीत नत्र नाही म्हणून हे झाड त्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते.

आता सांगा, तिथे नत्र वाढवणारे गिरिपुष्प लावणे म्हणजे काय करणे आहे? सड्यावरच्या वनस्पतींना ऊन हवे, उथळ पाणी हवे आणि मातीची गरिबीच हवी. आपण त्यांना सावली आणि खत देतो, मग गवत माजते आणि ती चिमुकली फुले कायमची दडपली जातात. सरकारी कागदावर सडा म्हणजे ‘पडीक’. या एका शब्दाने जेवढे नुकसान केले तेवढे सुरुंगानेही केले नसेल!

ॲल्युमिनियम माझ्याही स्वयंपाकघरात आहे आणि खाणीवर गावातल्या पोरांना रोजगार मिळतो, हे मान्य. मग निदान खोदण्याआधी वरची माती वेगळी खरवडावी आणि ताजी असतानाच खोदून झालेल्या भागावर पसरावी, म्हणजे तिच्यातले काही बी आणि कंद तरी वाचतील. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॉक्साइट खाणींवर जंगल परत आणताना असेच करतात. वर्षानुवर्षे ढिगात पडलेल्या मातीतले बी मरून जाते. पण सर ज्या खळग्यापाशी बसले होते तो कोण परत आणणार? खडकच नेला की पाणी साचायचे कुठे?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती रोपवाटिकेत वाढवून पुन्हा डोंगरावर नेल्या, कारण न्यायला डोंगर शिल्लक होता. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात खाणींवर पूर्ण बंदी सुचवली होती. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने हे क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा सहाव्यांदा काढला. सहा मसुदे निघेपर्यंत किती सडे गेले असतील, या विचाराने संताप होतो.

दुपारी सरांना ते छायाचित्र पाठवले. बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग त्यांनी एवढेच विचारले, “पलीकडचा सडा अजून आहे ना?” आहे. त्यांना आता गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून या श्रावणात मी एकटी जाईन, प्रत्येक खळग्याची नोंद करीन आणि ती यादी घेऊन खाणीच्या जनसुनावणीला उभी राहीन. कोणाला बरोबर यायचे असेल तर कळवा. मात्र रोपे आणू नका, भिंग आणा.