माळ स्वस्त घ्या, पण जोड बघून

दिव्यांची घरगुती माळ आणि मंडपवाल्यांची माळ यांत फक्त दराचा फरक, हे रोषणाईवरच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. स्वस्त माळेत दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, एक तार तुटली की तो अख्खा भाग विझतो. दिवाळीची माळ जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत बाहेरच ठेवली तर सोलापूरच्या उन्हात पातळ वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं घ्याच, पण जोड आणि प्लग उघडे असतील तर त्याचा काही उपयोग नाही.

१२ व्होल्टची ५ मीटर एलईडी पट्टी मीटरला १४.४ वॅटची असेल तर ६ अँपिअर खेचते. त्या एका पट्टीला अडॅप्टर ८ अँपिअरचा घ्या. दुसरी पट्टी तिलाच पुढे जोडू नका, टोक मंद पडतं. दुसरीला वेगळी वायर द्या. आणि लोखंडी गेटवर, पत्र्यावर २३० व्होल्टची माळ सोडायची असेल तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच हवी.