५८.१ टक्क्यांची अर्धी गोष्ट

अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स या संघाच्या २०२५च्या हंगामाविषयी एक दावा चाहत्यांमध्ये इतका फिरला आहे की अनेकांना तो आता वादातीत वाटू लागला आहे. दावा असा : क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) कॅलेब विल्यम्सने दुसऱ्या वर्षी काहीच प्रगती केली नाही, उलट त्याच्या पूर्ण झालेल्या पासांचे प्रमाण ६२.५ टक्क्यांवरून ५८.१ टक्क्यांवर घसरले. त्याचे सॅक कमी झाले ते नव्या ऑफेन्सिव्ह लाइनमुळे, म्हणजे त्याचे रक्षण करणाऱ्या फळीमुळे. संघ ५ विजय-१२ पराभवांवरून ११-६ वर पोहोचला तो मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन यांच्या डावपेचांमुळे. आणि उरलेले सामने नशिबाने पदरात पडले. यातले आकडे खरे आहेत, म्हणूनच दावा चटकन पटतो. निष्कर्ष मात्र त्या आकड्यांतून निघत नाही.

सगळा भार पहिल्या मुद्द्यावर आहे, म्हणून त्याकडे जरा सावकाश पाहू. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला मागे पाडले, तर त्याला सॅक म्हणतात. सॅक झाला की सहा-सात यार्ड जातात, एक संधी वाया जाते. पण तो पासचा प्रयत्न म्हणून धरला जात नसल्यामुळे टक्केवारीला ओरखडाही उठत नाही. याउलट, आता आपण सापडणार हे ओळखून क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर भिरकावला, तर यार्ड वाचतात आणि टक्केवारी मात्र खाली येते. म्हणजे शहाणपणाच्या निर्णयाला दंड आणि हटवादीपणाला माफी, असा या मोजणीचा उफराटा न्याय आहे.

२०२४ मध्ये विल्यम्सने ५६२ पासांपैकी ३५१ पूर्ण केले आणि ६८ वेळा तो सॅक झाला. २०२५ मध्ये ५६८ पैकी ३३० पूर्ण झाले आणि सॅक झाले २४. आता सॅकसुद्धा फसलेला प्रयत्नच धरून पुन्हा भागाकार करू. पहिल्या वर्षी ६३० पैकी ३५१, म्हणजे ५५.७ टक्के, दुसऱ्या वर्षी ५९२ पैकी ३३०, म्हणजे पुन्हा ५५.७ टक्के. तो स्वतःच चेंडू घेऊन धावला ते प्रसंग यात नाहीत, पण मुद्दा स्पष्ट व्हायला एवढे पुरेसे आहे. ज्या घसरणीवर हा सगळा दावा उभा आहे, ती सॅक हिशेबात घेताच नाहीशी होते.

शिवाय पास पूर्ण झाला म्हणजे तो किती यार्डांचा झाला, हा प्रश्न उरतोच. पहिल्या वर्षी विल्यम्सचा प्रत्येक पूर्ण पास सरासरी १०.१ यार्डांचा होता, दुसऱ्या वर्षी तो जवळजवळ १२ यार्डांचा झाला. एकूण यार्ड ३,५४१ वरून ३,९४२ झाले. एरिक क्रेमरने १९९५ मध्ये केलेला ३,८३८ यार्डांचा बेअर्सचा विक्रम त्याने मोडला. (एका हंगामात ४,००० यार्ड गाठणारा क्वार्टरबॅक या संघाला शंभरहून अधिक वर्षांत मिळालेला नाही, विल्यम्सलाही ५८ यार्ड कमी पडले. बेअर्सचा चाहता असणे म्हणजे काय, ते या एका आकड्यावरून कळावे.) टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्यांच्या अखेरच्या रेषेपलीकडे पोहोचून गुण देणारे) २० वरून २७ झाले आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने टिपलेले पास) ६ वरून फक्त ७. लांबचे पास वाढूनही चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडण्याचे प्रमाण फारसे वाढले नाही, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

तरीही एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. ५५.७ टक्के स्थिर राहिले याचा अर्थ नेमकेपणा वाढला असाही होत नाही. जॉन्सन यांनी हंगामापूर्वी ७० टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीरपणे सांगितले होते आणि विल्यम्स त्याच्या जवळपासही फिरकला नाही. कडेला मोकळ्या उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे द्यायचा पाच-सात यार्डांचा साधा पास डोक्यावरून जाणे किंवा पायाशी पडणे, हे प्रकार वर्षभर दिसत राहिले. टीका करायचीच तर ती इथे करावी, ती न्याय्य ठरेल. पण ‘एक कौशल्य अजून कच्चे आहे’ आणि ‘प्रगती झालीच नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

दुसरा मुद्दा लाइनचा. २०२५च्या वसंतात बेअर्सनी कॅन्सस सिटीकडून जो थुनी आणि रॅम्सकडून जोना जॅक्सन यांना मिळवले, अटलांटाच्या ड्रू डॅलमनला करारबद्ध केले आणि लाइनचा मधला भाग पुरता बदलून टाकला. त्याचा फायदा झाला नाही असे कोणीही म्हणणार नाही. परंतु डाव्या टोकाची जागा, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागची बाजू, हंगामभर स्थिरावली नाही; ब्रॅक्स्टन जोन्स, थिओ बेनेडेट आणि ऑझी ट्रापिलो असे तिघे तिथे खेळले. त्यामुळे सॅक ६८ वरून २४ वर येण्याचे सगळे श्रेय लाइनच्या पदरात टाकता येत नाही. १० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यू इंग्लंडविरुद्ध विल्यम्स एकाच सामन्यात नऊ वेळा सॅक झाला. तेव्हा हेच टीकाकार सांगत होते की पोरगा चेंडू हातात धरून ठेवतो, मागे मागे पळतो, एकाला चुकवायच्या नादात दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. ते पुष्कळ अंशी खरेच होते. पण सॅक झाले तेव्हा दोष त्याचा, आणि सॅक टळले तेव्हा श्रेय लाइनचे, ही वाटणी कोणत्या न्यायाने?

तिसरा मुद्दा जॉन्सन यांच्या डावपेचांचा, आणि तो सर्वांत चलाख आहे, कारण त्यात तथ्य भरपूर आहे. आधीच्या वर्षी आक्रमणाची सूत्रे हाती असलेले शेन वॉल्ड्रन नोव्हेंबरमध्ये गेले, त्यांच्या जागी थॉमस ब्राउन आले, महिनाअखेरीस मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांनाही निरोप मिळाला आणि ब्राउन हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले. अशा धावपळीत नवख्या खेळाडूने काय शिकावे? जॉन्सन यांनी ही घडी बसवली, धावण्याच्या खेळाला बळ दिले आणि त्याच्या आधारावर प्ले-ॲक्शनची, म्हणजे धावण्याचा आभास देऊन पास फेकण्याची, रचना उभी केली.

पण ही रचना क्वार्टरबॅककडून काय मागते, तेही पाहावे. महाविद्यालयीन काळात विल्यम्स बहुतेक वेळा सेंटरपासून (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूपासून) पाच यार्ड मागे उभा राहून चेंडू घेत असे. त्यात पहिल्या क्षणापासून सगळे मैदान डोळ्यांसमोर असते. जॉन्सन त्याला वारंवार सेंटरच्या थेट मागे उभा करतात. चेंडू हातात येताच त्याला बचावफळीकडे पाठ करावी लागते, धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पोटाशी चेंडू नेऊन दिल्याचा आभास निर्माण करावा लागतो आणि मग गर्रकन वळून, मधल्या सेकंदभरात कोण कुठे सरकले हे नव्याने वाचून पास फेकावा लागतो. पाऊल चुकले की वेळ चुकते, आणि वेळ चुकली की मोकळा दिसणारा गडी मोकळा राहत नाही. हे कागदावरच्या आकृतीतून आपोआप येत नाही. पहिले दोन्ही सामने बेअर्स हरले, त्यातला दुसरा डेट्रॉइटकडून ५२-२१ असा. पुढच्याच आठवड्यात डॅलसविरुद्ध विल्यम्सने चार टचडाउन पास दिले. डावपेच तिन्ही आठवड्यांत जॉन्सन यांचेच होते.

याच मुद्द्यात दाव्याची अंतर्गत विसंगतीही उघडी पडते. जॉन्सन यांच्याच आखणीत डेट्रॉइटच्या जॅरेड गॉफने २०२४ मध्ये ७२.४ टक्के पास पूर्ण केले होते. क्वार्टरबॅक कोणीही असो, सगळे काम डावपेचच करतात असे मानले, तर शिकागोतली टक्केवारी ५८.१ कशी? आणि टक्केवारी क्वार्टरबॅकच्या नावावर जमा होत असेल, तर यार्ड, टचडाउन आणि विजय दुसऱ्याच्या खात्यावर का? दोन्ही डगरींवर हात ठेवून हा युक्तिवाद फार काळ चालत नाही.

नशिबाचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. लास व्हेगासविरुद्धचा २५-२४ असा विजय प्रतिस्पर्ध्यांची किक अडवल्यामुळे मिळाला, त्यात विल्यम्सचे श्रेय शून्य. सिनसिनाटीविरुद्ध मात्र एका गुणाने मागे असताना, १७ सेकंद उरले असताना कोल्स्टन लव्हलँडला दिलेला ५८ यार्डांचा टचडाउन पास नशिबाने गेला असे म्हणणे धाडसाचे आहे. ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) सामन्यात मध्यंतराला संघ २१-३ असा मागे होता. अखेरच्या सत्रात चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात आठ यार्ड हवे असताना, डावीकडे पळत, तोल जात असताना विल्यम्सने रोम ओडुंझेकडे २७ यार्डांचा पास फेकला. तो पास कोणत्याही आकृतीत काढलेला नव्हता. सामना बेअर्सनी ३१-२७ असा जिंकला.

आणि त्याच ग्रीन बेविरुद्ध डिसेंबरच्या सुरुवातीला, त्यांच्याच लॅम्बो फील्ड मैदानावर, बरोबरी साधायची संधी असताना कोल केमेटकडे फेकलेला त्याचा पास आखूड पडला आणि कीशॉन निक्सनने तो टिपला. केमेट मोकळा होता. तेरा दिवसांनी त्याच संघाविरुद्ध अतिरिक्त वेळेत त्याने डी. जे. मूरला ४६ यार्डांचा पास देऊन सामना संपवला. रॅम्सविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात तर दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी घडल्या. चौथा प्रयत्न, १४ यार्डांची रेषा, पाठलाग करणाऱ्यांपासून निसटत तो मागे मागे जवळपास ४० यार्डांच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथून, पाय जमिनीवर नीट टेकलेले नसताना, त्याने एंड झोनमध्ये (अखेरच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यात) केमेटला चेंडू पोहोचवला. १८ सेकंद उरले होते आणि सामना बरोबरीत आला. अतिरिक्त वेळेत त्याचाच पास कॅम कर्लने अडवला आणि रॅम्सनी तीन गुणांची किक मारून २०-१७ असा सामना घेतला. तो इंटरसेप्शन विल्यम्सच्या खात्यावर जरूर मांडावा; केमेटचा झेलही मग त्याच खात्यावर मांडावा लागेल.